चौथ्या चाकाचे पैसे

३ फेब्रुवारी, सोमवार

घरात जे चाललंय ते देवाशिवाय कुणाला सांगायची सोय नाही, आणि तो उलट बोलत नाही म्हणून त्याच्यावर तरी किती टाकायचं. आजपासून निम्मं इथे लिहिणार. वही यांच्या छापखान्यातली आहे, नऊ वर्षांपूर्वीची. छापलेले वार खोडून नवे घालावे लागतात, पण पानं कोरी आहेत आणि कोरं पान रद्दीत घालणं मला पाप वाटतं.

विषय असा की बोंडूसाठी बाबागाडी घ्यायची आहे. बोंडू म्हणजे माझी नात, वय सात महिने, वजन साडेसात किलो. सूनबाईची रजा महिनाअखेर संपते, तीन मार्चला ती कामावर हजर होणार. त्यानंतर बोंडू दिवसभर कुणाकडे, हे मला कुणी विचारलेलं नाही, आणि विचारायचं कशाला? मी घरातच आहे. एक मुलगा वाढवल्याचा अनुभव आहे. तो मुलगा कसा निघाला हा वेगळा प्रश्न.

तोच आज जेवताना म्हणाला, "आई, आम्ही तीनचाकी घ्यायचं म्हणतोय."

"एक चाक कमी, म्हणजे स्वस्त असेल."

"नाही गं, महाग असते."

"चाक कमी आणि पैसे जास्त?"

"पुढचं चाक मोठं असतं आई. खराब रस्त्यावर बरी पडते. हवा भरायची चाकं असतात."

"हवा तरी फुकट आहे ना?"

हे हसले. म्हणजे ऐकू आलं. यांचा उजवा कान छापखान्याने कायमचा ठेवून घेतला आणि डावा अर्धा परत दिला, त्यामुळे हे कधी हसतील ते सांगता येत नाही.

मुलाने अकरा गाड्यांचा तक्ता केलाय. वजन, घडी, चाकाचा घेर, लोकांनी दिलेले तारे, सगळ्याचे रकाने. सून बघताना मी एवढे रकाने पाडले नव्हते. पाडायला हवे होते असं आता म्हणून उपयोग नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी त्यांची जुनी चारचाकी देऊ केली. फुकट. तीन नातवंडं त्या गाडीत वाढली आणि तिघंही सरळ चालतात. हे तेलाची बाटली घेऊन बसले, चाकं कुरकुरायची थांबली. मी कापड धुऊन वाळत घातलं. दोन तास खपून गाडी अशी केली की नवी म्हणून खपली असती.

मग सूनबाई आली. ही मोटारीतल्या सुरक्षा पट्ट्यांच्या कारखान्यात चाचणी विभागात आहे. पट्टा यंत्राला लावायचा, तुटेपर्यंत ओढायचा, आणि कितीला तुटला ते कागदावर लिहायचं. याचा पगार मिळतो. मी उभ्या जन्मात एक नाडी तोडली असती तर सासूबाईंनी चार दिवस ऐकवलं असतं.

तिने गाडीचा पट्टा मुठीत धरून तीन हिसके दिले. तिसऱ्याला शिवण उसवली.

"आई, हा गेला."

"तू ओढलास म्हणून गेला."

"आणि बोंडूने ओढला असता तर?"

"तिला अजून तुझ्यासारखा पगार सुरू झालेला नाही."

ती खळखळून हसली. हिचं हेच मला आवडत नाही. टोमणा मारावा तर ही हसते आणि टोमणा फुकट जातो.

गाडी परत वर नेऊन ठेवली. तेल आमचं गेलं.

पेन बदललंय. बारीक पेनं हल्ली फार घसरडी करतात, हातात राहत नाहीत. बरण्यांची झाकणंही कारखानेवाले मुद्दाम घट्ट बसवतात, नाहीतर सकाळी यांना हाक मारून उघडून घ्यायची वेळ माझ्यावर का यावी?

९ फेब्रुवारी, रविवार

सगळे मिळून दुकानात गेलो. दुकान तीन मजली. बाळांच्या वस्तूंना तीन मजले. आम्ही पाच जणं एका मजल्याच्या चौथ्या हिश्शात राहतो.

विकणारा इतका मऊ बोलत होता की मी त्याचं नाव मखमल ठेवलं. मला म्हणाला, "मावशी, ही नुसती गाडी नाही, हा एक अनुभव आहे."

म्हटलं, "अनुभव माझ्याकडे आहे. तुम्ही गाडी दाखवा."

त्याने एक तीनचाकी काढली. एका बोटाने ढकलली, एका बोटाने वळवली, दोन कपाटांच्या मधून काढून परत माझ्यासमोर आणून उभी केली. मीही एक बोट लावलं. खोटं कशाला लिहू, वळली. आणि बरं वाटलं. पुढचं एकच चाक असं तोऱ्यात पुढे असतं की मागून चालणाऱ्यालाही जरा ताठ चालावंसं वाटतं. हे मी तिथे बोलले नाही.

ब्रेक दांड्यावर आहे, सायकलला असतो तसा. मुठीत दाबला की मागची दोन्ही चाकं धरतात.

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही दाबून बघा."

दाबला. अर्धा गेला. नवी वस्तू आखडलेली असतेच.

"पुन्हा एकदा?"

"मी काय तुझ्या यंत्राला लावलेला पट्टा आहे?"

ती ब्रेककडे बघतच नव्हती, माझ्या बोटांकडे बघत होती. अंगठीवर डोळा असणार. पण ती अंगठी दोन वर्षांपासून सांध्यावरून निघतच नाही, तेव्हा इतक्यात आशा ठेवण्यात अर्थ नाही.

मुलाने दांडा स्वतःच्या उंचीला लावून पाहिला. मी म्हटलं, माझ्या उंचीला लाव. "हो हो, खाली होतो तो," म्हणाला, आणि केला नाही. सूनबाई मखमलला विचारत होती, "रोज जाऊन-येऊन तीन किलोमीटर, फुटलेला रस्ता, वरून पाऊस. किती वर्षं टिकेल?" मी बोंडूला तीन किलोमीटर कशाला नेईन? बाग दोनशे पावलांवर आहे. पण हिला प्रत्येक गोष्ट तुटेपर्यंतचीच विचारायची सवय.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मी पिशवीतून मोजमापांची वही काढली. या घरात कपाट आलं, पलंग आला, फ्रीज आला, सगळं माझ्या वितीने मोजून आलं आणि एकही वस्तू जिन्यात अडकली नाही. वहीत लिहिलंय, लिफ्टचं दार चार विती. सव्वीस वर्षांपूर्वी कपाट आणताना मोजलं होतं, आणि दार काही वाढत्या वयाचं नाही. मी वाकून गाडीची मागची चाकं या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजली. चार विती आणि वर एक बोट.

"बसणार नाही," मी म्हटलं.

मुलगा तक्ता चाळायला लागला. अकरा गाड्यांची रुंदी होती त्यात. लिफ्टची नव्हती.

मखमलचा आवाज पहिल्यांदा खरखरला. आम्ही हात हलवत घरी आलो. देवासमोर बसले आणि आज तक्रार न करता नुसते आभार मानले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस मुलगा अरुंद चारचाकी शोधत होता. तीनचाकीचा विषय संपला असं मी धरून चालले होते.

आज संध्याकाळी सूनबाई कामाची टेप घेऊन बाहेर गेली आणि लिफ्टचं दार अडवून उभी राहिली. खालून दोघं-तिघं ओरडले. आत आली ती थेट माझ्याकडे.

"आई, लिफ्ट बत्तीस इंच आहे. गाडी सत्तावीस."

"शक्य नाही."

"तुमची वीत किती?"

"आठ इंच. लिहिलेलं आहे." वहीच्या पहिल्या पानावर पहिलीच ओळ तीच आहे, माझ्या अक्षरात.

"हात ठेवा बघू टेबलावर."

ठेवला. अंगठा या बाजूला, करंगळी त्या बाजूला. करंगळी मी म्हणेन तितकी जाईना. तिने टेप लावली. साडेसहा.

"कारखान्यात ओढून ओढून तुझी टेप ताणली गेलीय."

"पोलादी आहे, आई."

"मग पोलाद ताणलं असेल."

या वेळी मात्र ती हसली नाही. टोमणा पहिल्यांदाच फुकट गेला नाही, आणि मला त्यात काहीच मजा आली नाही. तिने माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट वाकवून पाहिलं, शिवण तपासतात तसं.

"दुखतं?"

"थंडीचे दिवस आहेत."

मुलगा आल्यावर तिने एवढंच सांगितलं, "मी मोजली, बसतेय. त्या दिवशी दुकानात घाईत काहीतरी चुकलं." कुणाचं चुकलं ते बोलली नाही. सून जेव्हा सासूची चूक झाकते तेव्हा तिला काहीतरी हवं असतं. काय हवंय ते अजून कळलेलं नाही. लक्ष ठेवून आहे.

लिहिता लिहिता एक आठवलं. गेल्या वर्षी पडदे आखूड झाले तेव्हा मी शिंप्याला तोंडावर चोर म्हटलं होतं. पानावरच्या विती बघून कापड मीच मोजून दिलं होतं. देवाकडेही त्याची तक्रार केली होती, दोनदा.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाडी घेतली. तीनचाकीच.

किंमत लिहीत नाही, कारण लिहिली तर दर वेळी पान उलटताना दिसेल. आमचा फ्रीज आणि शिलाई मशीन मिळून जेवढ्याला आलं होतं तेवढी म्हणता येईल. मी मखमलला म्हटलं, "चौथ्या चाकाचे पैसे वजा करा."

"मावशी, चौथं चाक नाही हीच तर खुबी आहे."

"मग आणखी एक काढा, आणखी खुबी येईल. आणि तेवढे पैसे कमी करा."

मुलगा लांब जाऊन दुधाच्या बाटल्या बघत उभा राहिला. सूनबाई मात्र जवळ उभी होती, आणि मी जरा थांबले की हळूच म्हणायची, "पावसाचं आवरण." मग मी म्हणायचे, "पावसाचं आवरण तरी द्या." शेवटी आवरण फुकट मिळालं आणि पिशवी अडकवायची कडी. आम्ही दोघींनी एका बाजूने असं काही केल्याचं आठवत नाही. फार वाहवत जायला नको.

गाडी लिफ्टमध्ये गेली. दोन्हीकडे तीन-तीन बोटं जागा उरली. माझी बोटं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सूनबाई कागदपत्रं द्यायला कारखान्यात गेली होती. मुलगा कामावर. हे वर्तमानपत्र आणायला गेलेले. बोंडू उठून बसली होती आणि बाहेर छान ऊन पडलं होतं. मी तिला गाडीत घातलं, पट्टा लावला. पट्ट्याच्या टोकाला वेळ लागला, पण लावला. मी काही चोरून नेलं नाही. नात माझी, गाडी घरची.

इमारतीच्या दारापासून रस्त्यापर्यंत उतार आहे, स्कूटर वर आणायला केलेला. मी तिथून रोज जाते-येते, मला तो कधी उतार वाटलाच नव्हता. गाडी मात्र लगेच ओळखीची असल्यासारखी त्यावरून निघाली. ब्रेक दाबला. अर्धा गेला. दोन्ही हातांनी दाबला, तर दांडा कुणी धरायचा? मी दांड्यात कोपर अडकवलं, छातीने मागे ओढलं, आणि गाडी आडवी करून भिंतीला टेकवली. मग तिथेच, उतारावर, चाकाला पाठ लावून खाली बसले, कारण सोडली असती तर ती पुन्हा निघाली असती. समोर रस्ता होता. रस्त्यावर काय काय चाललं होतं ते मी बघितलं नाही.

बोंडू हसत होती. तिला तो खेळ वाटला.

मास्तरीणबाई जिना उतरून आल्या. "काय हो, इथे कशा बसलात?"

"ऊन खातेय."

"इथे तर सावली आहे."

"आत्ता गेलं ऊन."

मी उठले नाही, आणि त्या थांबल्या नाहीत. दहा मिनिटं गेली असतील. हे आले. वर्तमानपत्र काखेत. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. एका हाताने ब्रेक दाबला. कट् असा आवाज झाला आणि चाकं धरली गेली. मग मला हात दिला. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले तरी असते.

वर येताना यांना म्हटलं, कुणाला बोलू नका. मान हलवली. कोपर सोललंय. बाही लांबवली की दिसत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस देवासमोर नीट बसता आलेलं नाही. माळेचे मणी अडकतात. माळ जुनी झाली, हे मी वर्षभर म्हणतेय, पण आज निरखून पाहिली तर मणी गुळगुळीत आहेत, सुटे आहेत, दोऱ्यावर सरळ धावतात.

रोज बसले की आधी मी कुणाचं ना कुणाचं सांगते. तेवढं सांगून झालं की मन हलकं होतं आणि मग नाव घेता येतं. आज सूनबाईपासून सुरुवात करायला गेले. तिने काय केलं? पट्टा घालायच्या आधी ओढून बघितला. मी काय केलं? ब्रेक लागत नाही हे दुकानात कळलं होतं, नऊ तारखेला, आणि तरी पोरीला उतारावर नेलं. मग मखमलचं सांगू म्हटलं, तर त्याने निदान आवरण फुकट दिलं.

पुढे कुणी उरलंच नाही.

देव काही बोलला नाही. पण त्याच्या गप्प बसण्याचेही प्रकार आहेत, आणि आजचा मला आवडला नाही.

सांगायचं म्हटलं तर काय होणार ते दिसतंय. सून म्हणेल, आई, तुमच्याने होत नाही. मुलगा तिच्या मागे उभा राहून खाली बघेल. आणि बोंडू या घरातून रोज सकाळी बाहेर जाईल आणि परक्या बाईच्या मांडीवर जेवेल. नाही सांगितलं, तर तीन मार्चपासून बोंडू माझी. आणि उतारही माझा.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

सूनबाई भाजी चिरत होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि तिच्या पाठीला सांगितलं. समोरून जमलं नसतं. "बुधवारी मी बोंडूला खाली नेलं होतं. ब्रेक लागला नाही. उतारावर."

सुरी थांबली. ती वळली नाही.

"मला माहीत आहे," म्हणाली. "बाबांनी बुधवारीच सांगितलं."

मी यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, कुणाला बोलू नका. कुठल्या कानात सांगितलं ते आता आठवत नाही.

"मग चार दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगता का ते बघत होते."

"म्हणजे मला यंत्राला लावलं होतंस."

"हो."

"कितीला तुटले?"

"चार दिवसांना," ती म्हणाली, आणि मग वळली. डोळे लाल होते. कांदा नव्हता, दोडका होता. "आई, मी आजचा दिवस धरला होता. आज नसतं सांगितलंत तर उद्या मीच बोलणार होते, आणि ते फार वाईट झालं असतं."

मग म्हणाली, "आता माझंही एक ऐका. दहा तारखेलाच मी पाळणाघरात नाव घातलंय."

दहा तारीख. दुकानात गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी मोजून पाहिलं. तेव्हा गाडी घेतलेलीही नव्हती.

"मग ही तीनचाकी कुणासाठी?"

"पाळणाघर दीड किलोमीटरवर आहे. तो रस्ता कसा आहे तुम्हाला माहीतच आहे."

म्हणजे चाकं पाळणाघरासाठी मोठी, दांडा मुलाच्या उंचीला, आवरण सकाळच्या पावसाला. आणि मी मूर्खासारखी त्या आवरणासाठी घसा कोरडा केला. मी म्हटलं, "घरात आजी असताना पोर पाळणाघरात. मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मी 'जमतं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"तेच," ती म्हणाली. "तुम्ही 'जमतं' म्हटल्यावर मी 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार होते? एक महिना तेच शोधतेय."

मुलगा दारात येऊन उभा होता. खाली बघत होता. हे मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "ब्रेक मी दाबेन."

सगळे तिकडे गेलो. हे वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे धरून बसले होते.

सूनबाई अगदी नीट बोलली. "बाबा, मागून गाडीने भोंगा वाजवला तर तुम्हाला ऐकू येणार नाही."

"ऐकायला ही आहे."

"आणि बाळ उचलायला?"

"मी आहे."

"आणि तिला भूक लागलीय की झोप आलीय, ते?"

"ते मला आजपर्यंत कुणाचंच कळलेलं नाही," हे म्हणाले. "ते हिच्याकडे."

लग्नानंतर यांनी एका दमात एवढी वाक्यं बोलल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सूनबाईने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, तक्त्यातल्या दोन गाड्यांकडे बघावं तसं. मग म्हणाली, "दुपारी एकपर्यंत पाळणाघर. एकनंतर तुम्ही दोघं तिला घरी आणा आणि सहापर्यंत सांभाळा. पण दोघं. एकट्याने एक पाऊलही नाही."

मी म्हटलं, "ठीक."

"आणि आधी चाचणी."

२६ फेब्रुवारी, बुधवार

चाचणी झाली. हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण आता लाजेचंही वय राहिलं नाही.

सूनबाईने गाडीत पाच-पाच किलो पिठाच्या दोन पिशव्या पट्ट्याने बांधल्या. बोंडूपेक्षा जास्तच वजन, कारण कारखान्यात नेहमी जास्त लावतात म्हणे. स्वतः उताराच्या तळाशी पाठ रस्त्याकडे करून उभी राहिली, हातात कागद. यांचा हात ब्रेकवर, मी यांच्या डाव्या बाजूला, अर्ध्या कानाकडे.

पहिल्या खेपेला मी म्हटलं, "दाबा."

हे म्हणाले, "काय?"

एवढ्यात पीठ भिंतीला. एक पिशवी फुटली. मास्तरीणबाई गच्चीतून सगळं बघत होत्या. आज मी ऊन खातेय असंही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या खेपेला यांनी उतार यायच्या आधीच दाबला आणि गाडी सपाटीवर उभी राहिली. "सुरक्षित आहे," म्हणाले. तिसऱ्या खेपेला मी ओरडले तर यांनी दचकून मूठ सोडली.

मग मी तोंडाचा नाद सोडला. उतार आला की यांच्या बरगडीत कोपर. एक कोपर म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. हे कोपर सोललेलंच होतं, म्हणून जरा जपून मारलं. चाकं जागच्या जागी धरली गेली.

सूनबाई म्हणाली, "पुन्हा."

असं सोळा वेळा. दहाव्या वेळेपासून चुकलं नाही. सतराव्याला मी विचारलं, "आम्हाला तोडूनच सोडणार आहेस का?" तेव्हा तिने कागदाची घडी केली.

फुटलेल्या पिशवीतलं पीठ झाडून घेतलं, दोनदा चाळलं. वाया नाही जाऊ दिलं.

३ मार्च, सोमवार

सकाळी मुलगा आणि सूनबाई बोंडूला घेऊन गेले. मी दारातून हात केला आणि आत येऊन भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

साडेबाराला आम्ही निघालो. हे नेहमी दहा पावलं पुढे चालतात. आज सांगावं लागलं नाही. रिकाम्या हाताने, बरोबरीने, आम्ही दोघं रस्त्याने कधी गेलो होतो ते आठवेना.

पाळणाघर स्वच्छ आहे. मी शोधून पाहिलं, तरी. फडताळाच्या वरच्या फळीवर थोडी धूळ सापडली, पण तिथे बाळांचा हात पोहोचत नाही, त्यामुळे ती धरता येत नाही. गाडी दारामागे उभी होती आणि बोंडू एका बाईच्या कडेवर होती. मला पाहून झेपावली. ती बाई म्हणाली, "ओळखते हो तुम्हाला." मला काय ओळखायचं राहिलंय, असं ओठावर आलं होतं.

तिने वही पुढे केली. बाळाला कोण नेणार, त्याच्या नावाचा रकाना. त्यात सूनबाईच्या अक्षरात लिहिलेलं: आजी आणि आजोबा, दोघं असतील तरच.

"असं पहिल्यांदाच बघतेय," बाई म्हणाली. "आजी, कधी आजोबांना बरं नसलं आणि तुम्ही एकट्याच आलात, तर अडवायचं का हो तुम्हाला?"

बोंडूने माझं बोट धरलं होतं. तिची मूठ घट्ट असते.

"देऊ नका," मी म्हटलं. "मी भांडेन. तरी देऊ नका."

सही केली. अक्षर वाकडं आलं. पेन त्यांचं होतं.

परत येताना मोठ्या रस्त्याच्या आधी एक उतार लागतो, आमच्या इमारतीपेक्षा मोठा. मी कोपर उचललं आणि तेवढ्यात कट् असा आवाज झाला. गाडी उभी.

"मी अजून मारलं नव्हतं."

"हो."

"मग कसं कळलं?"

"तुझा श्वास थांबला," हे म्हणाले.

म्हणजे भर रस्त्यात, अर्ध्या कानाने, बायकोचा थांबलेला श्वास ऐकू येतो. मग 'जाताना पिशवी घेऊन जा' हे पंधरा वर्षं ऐकू येत नव्हतं कसं? बोंडू झोपली होती म्हणून आज बोलले नाही. उद्या बघते.